पगारातले 135 रुपये

“भरपाईचा अर्ज केला तर कामावरून काढतील ना, मॅडम?”

गोव्यातल्या कुंडई, मडकई, बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतींतली माणसं अपघातानंतर माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. दुखतं किती, झोप लागते का, हे सगळं नंतर. अशाच एका तिशीतल्या माणसाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो आला तेव्हा त्याचा उजवा हात खिशात होता. बसल्यावरही त्याने तो बाहेर काढला नाही. पाण्याचा पेला डाव्या हाताने घेतला, तोही सांडत. पॉवर प्रेसखाली तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं होतं. बायकोने बळेच पाठवलं होतं, कारण तो रात्री उठून अंगणात बसून राहायचा आणि चार वर्षांच्या मुलीला जवळ घेत नव्हता.

मी काय केलं? तासभर ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे, नियम सांगितले. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, कायमच्या अपंगत्वाचा लाभ, कुठला कागद कुठे द्यायचा. तो मान डोलावत राहिला, “बघतो” म्हणाला आणि तीन आठवडे फिरकला नाही. चूक माझी होती. त्याला काय ठाऊक नाही एवढंच मी पाहिलं. काय ठाऊक आहे आणि बोलवत नाही, ते विचारलंच नाही.

मग एका दुपारी त्याची बायको एकटीच आली. पर्समधून इस्पितळाचा केसपेपर काढून माझ्यासमोर ठेवला. “ताई, ते अर्ज कसा करणार? हे बघा काय लिहिलंय.”

कॅज्युअल्टीच्या कागदावर लिहिलं होतं: घरी विळीवर कापलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेला आडोसा, त्याने स्वतः काढला होता. इस्पितळात नेताना गाडीत सुपरवायझर म्हणाला, “गार्ड तूच काढलास, आता कंपनीत झालं म्हणालास तर तूच अडकशील. घरी लागलं म्हण, बाकी आम्ही बघतो.” आणि खरंच ‘बघितलं’. दोन दिवसांनी कंत्राटदार घरी आला, विचारपूस केली, 15,000 रुपये हातावर ठेवून गेला. म्हणजे चूक आपली, खोटं बोललो आपण आणि वर पैसेही घेतले. आता कुठल्या तोंडाने मागायचं?

मी तिला म्हटलं, “पुढच्या वेळी दोघं या. अपघाताच्या आधीचा पगाराचा कागद तेवढा आणा.”

तो कागद मी त्याच्यासमोर धरला. पगार 18,000. कपातीच्या रकान्यात ईएसआय, 135 रुपये. “हे कसले?” तो म्हणाला, “सरकारचे काहीतरी.” मी सांगितलं, हा विम्याचा हप्ता. पगाराचा पाऊण टक्का तुमचा, सव्वातीन टक्के मालकाचे, म्हणजे तुमच्या पगारावर आणखी 585 रुपये त्याने भरायचे. दरमहा 21,000 पर्यंत पगार असलेल्यांसाठी ही योजना आहे, कंत्राटी कामगारही तिच्यात येतो. मालकाने हप्ता भरला नसेल तर ही योजना चालवणारं विमा महामंडळ त्याच्याकडून वसूल करील. त्यासाठी कामगाराचा लाभ अडवायचा नसतो.

“म्हणजे मालकावर केस नाही?” नाही. दावा विमा महामंडळाकडे करायचा असतो. आपल्याकडे मोटारीचा विमा मागताना कुणी लाजत नाही. स्वतःच्या हाताचा मागताना मात्र माणूस उंबऱ्यावर भिक्षेला उभा राहिल्यासारखा खाली बघतो. ही लाज मला नियमांच्या अज्ञानापेक्षा मोठी वाटते.

गार्डचा विषय मात्र त्याने स्वतःच काढला. मी सांगितलं की चूक कोणाची हे ही योजना विचारत नाही. सुरक्षेचा नियम मोडला गेला असला, तरी जे केलं ते मालकाच्या कामासाठी केलेलं असेल तर अपघात कामावरचाच धरतात. “गार्ड का काढला होता?” म्हणून विचारलं. तेव्हा तो गप्प बसला नाही. गार्ड लावला की तासाला किती नग कमी पडतात, शिफ्टला किती, टार्गेट चुकलं की ओव्हरटाइम कसा जातो, हे तो बोटांवर मोजून दाखवू लागला. त्या नादात उजवा हात खिशातून कधी बाहेर आला ते त्याला कळलं नाही. बायकोला कळलं. मीही त्याकडे पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर बाकीचे गैरसमज भराभर निघाले. मित्रांनी, गावातल्या पंचाने, चहाच्या गाड्यावरच्या जाणत्यांनी भरवलेले. ‘दोन महिन्यांच्या नोकरीला काही मिळत नाही.’ हा आजारपणाच्या लाभाशी झालेला घोटाळा. तिथे सहामाहीत किमान 78 दिवसांचा हप्ता लागतो. कामावरच्या अपघाताला अशी अट नाही, पहिल्या दिवशी झाला तरी चालतो. ‘40 टक्के नसेल तर जाऊच नको.’ ते 40 टक्के 2016 च्या दिव्यांग कायद्यातले, प्रमाणपत्राच्या सवलतींसाठीचे. ईएसआयचं मेडिकल बोर्ड वेगळं माप लावतं: कमावण्याची ताकद किती गेली? एका हाताची दोन बोटं गेली तर कोष्टकात 20 टक्के आहेत, अंगठा गेला तर 30.

आकडे मांडल्याशिवाय माणसाला खरं वाटत नाही, म्हणून पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. दिवसाची सरासरी मजुरी 600 धरली तर तिचे 90 टक्के म्हणजे 540. तो सत्तर दिवस घरी होता, त्याचे 37,800. पुढे 20 टक्क्यांनी दिवसाला 108, म्हणजे महिन्याला 3,240 च्या आसपास, हयातभर. दुसरीकडे नोकरी करून पगार घेतला तरी ते चालू राहतात. त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. कंत्राटदाराच्या 15,000 चं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही.

जाता जाता बायको म्हणाली, “हे हाताचा व्यायाम करत नाहीत, ताई.” उरलेली बोटं आखडत चालली होती. कोणीतरी सांगितलेलं, बोर्डासमोर हात जितका वाईट दिसेल तितके टक्के जास्त. मला क्वचित राग येतो, तेव्हा आला. गेलेल्या बोटांचे टक्के ठरलेले आहेत, व्यायामाने ते कमी होत नाहीत. आखडलेल्या बोटांची मात्र भरपाई कोणी द्यायची?

खोट्या केसपेपरचं काम सोपं नव्हतं. मी वकील नाही, त्याला तसं सांगितलं आणि एकच सल्ला दिला: आता खरं लिहायचं, खोटं का सांगितलं तेही लिहायचं. त्याने दोन पानी अर्ज लिहिला, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत. त्याच दिवसाचं हजेरीचं पंचिंग होतं. इस्पितळात पोचल्याची वेळ शिफ्टच्या मधली होती. डॉक्टरांनी जखमेचं वर्णन करताना हाड चिरडल्याचं लिहिलं होतं. विळीवर बोट कापतं, चिरडत नाही. शेजारच्या मशीनवरच्या पोराने सही दिली, तीही दोनदा नाही म्हणून झाल्यावर. अपघाताची नोंद कंपनीने वेळेत केली असती तर यातलं काहीच लागलं नसतं. मागचे दिवस विमा दवाखान्याच्या डॉक्टरांकडून मान्य करून घ्यायलाही हेलपाटे पडले. या काळात एका एजंटने चौथा हिस्सा मागून काम करून देतो म्हटलं होतं. अर्जाला पैसे लागत नाहीत, हे बायकोनेच त्याला ऐकवलं.

बोर्डाने 20 टक्के धरले. कमी धरले असते तर तीन महिन्यांच्या आत अपील करता आलं असतं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, कारण पहिल्या नकारालाच शेवटचा शब्द समजून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि नोकरी? तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही. पण तो संपल्यावर कुणी दुसरं निमित्त काढणारच नाही, अशी हमी मी कधी देत नाही, त्यालाही दिली नव्हती. कंत्राटदाराने मुदत संपल्यावर त्याला परत घेतलं नाही. दोन महिने घरी काढून तो दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला लागला. विमा क्रमांक जुनाच चालला. मुलीला शाळेच्या रिक्षापर्यंत तोच सोडतो, असं बायकोने फोनवर सांगितलं. कुठल्या हाताने धरून, ते मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात त्याने एका पोराला माझ्याकडे पाठवलं. रात्रपाळी सुटल्यावर घरी जाताना पोराची स्कूटर घसरून खांदा मोडलेला. हात गळ्यात बांधून दारातच उभा.

“दादाने सांगितलं म्हणून आलो. पण मी तर रस्त्यावर पडलो, मॅडम. ते कामावर थोडंच झालं?”

“किती वाजता सुटलात? नेहमीच्याच रस्त्याने चालला होतात?”

“हो. सहाला सुटलो, सरळ घरी.”

“मग आत या, बसा. घर ते काम आणि काम ते घर, हाही रस्ता 2010 पासून त्यात धरतात. पगाराचा कागद आणलाय?”

त्याने डाव्या हाताने खिशातून मोबाइल काढला. कागदाचा फोटो आधीच काढून आणला होता.