आठ नंबरचा पाय, आठ नंबरचा बूट?

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो, वय 47 वर्षे. दोन वर्षांपासून धावतो आहे आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढून-उतरून येतो. कॉलेजात असल्यापासून माझा नंबर 8 आहे आणि धावण्याचे बूटही त्याच नंबरचे घेतले आहेत. सपाट रस्त्यावर काहीच त्रास होत नाही. मात्र घाट उतरून आलो की दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी पडतात आणि डाव्या पायाचे नख तर मागच्या महिन्यात गळूनच पडले. दुकानदार म्हणतात की बूट वापरून सैल होतील. वाट पाहावी का?

उत्तर : वाट पाहू नये. चढताना नव्हे तर उतरताना नखे दुखावतात, हे तुम्ही नोंदवले आहे आणि त्यातच बहुतेक उत्तर आलेले आहे. उतारावर पाऊल बुटाच्या आत पुढे घसरते आणि अंगठ्याचे टोक बुटाच्या नाकावर आदळते. एकदा आदळल्याने काही बिघडत नाही, पण घाटाच्या काही किलोमीटरांत ते हजारो वेळा घडते, नखाखाली रक्त साकळते आणि नख सुटते. तुमच्या स्पर्धेत आधी चढ आणि परतीला उतार आहे, म्हणजे पाय तापून सुजलेले असतानाच हा मार बसणार.

दुकानदाराचे म्हणणे चामड्याच्या बाबतीत काही अंशी खरे आहे. नव्या कोल्हापुरीला तेल पाजले आणि चार दिवस चावणे सोसले की ती पायाचा आकार घेते. धावण्याचे बूट मात्र जाळीदार कृत्रिम कापडाचे असतात. ते रुंदीला थोडेफार सैलावतील, पण त्यांची लांबी वाढत नाही. जो बूट दुकानात अंगठ्याला टेकतो, तो सहा महिन्यांनीही टेकणारच.

आता त्या ‘8’बद्दल. वय आणि वजन वाढते तसे पावलाची कमान थोडी सैलावते आणि पाऊल पसरते, त्यामुळे कॉलेजातला नंबर सत्तेचाळिसाव्या वर्षी तसाच राहिलेला असेलच असे नाही. शिवाय नंबर हे काही पक्के माप नव्हे. ब्रिटिश पद्धतीत, जी आपल्याकडे चालते, एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे 8.5 मिलिमीटर, अर्धा नंबर म्हणजे 4 मिलिमीटरांहून थोडे अधिक. परंतु बुटाच्या जिभेमागची चिठ्ठी उलटून पाहिली तर एका कंपनीच्या 8 नंबरवर 26.5 सेंटिमीटर छापलेले आढळते आणि दुसरीच्या 8 नंबरवर 27. म्हणून दोन कंपन्यांचे बूट ताडून पाहताना सेंटिमीटरचा आकडा धरावा. पुरुषांच्या बुटांत अमेरिकी आकडा ब्रिटिश आकड्यापेक्षा अर्ध्या ते एक नंबराने मोठा असतो. परदेशातून बूट मागवणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते.

पाऊल घरीच मोजता येते. संध्याकाळी, दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असताना, भिंतीलगत कागद ठेवून धावण्याचे मोजे घालून त्यावर उभे राहावे, टाच भिंतीला टेकवावी आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करावी. हे बोट अंगठाच असते असे नाही. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते आणि मग नखही त्याचेच काळे पडते. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच सारखे असतात, आणि बूट मोठ्या पायाला घ्यावा. मी स्वतः एकदा सकाळी सहलीला निघण्याच्या घाईत बूट घेतले होते. दुकानात छान बसले आणि दुपारपर्यंत करंगळी सोलून निघाली.

दुकानात बूट घातल्यावर उभे राहूनच तपासावे. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असली पाहिजे. त्याहून खात्रीचा उपाय असा की, आतला गादीचा तुकडा, म्हणजे इनसोल, बाहेर काढून त्यावर उभे राहावे. पुढे किती जागा उरते आणि चवडा कडेबाहेर जातो का, हे डोळ्यांना दिसते. विकणारे कधी कधी नाक मुरडतात, तिकडे लक्ष देऊ नये. तुम्ही तर दुकानाच्या जिन्यावरून चार वेळा उतरूनच बघा. अर्धा नंबर मोठा बूट पुरेल असा माझा अंदाज आहे. नखे आखूड ठेवावीत आणि उतारापूर्वी घोट्याजवळच्या लेसा घट्ट कराव्यात; त्याची रीत पुढील उत्तरात आहे.

प्रश्न : नाशिकहून लिहिते आहे. माझा चवडा रुंद आहे. बायकांच्या बुटांत करंगळीला फोड येतात म्हणून एक नंबर मोठा बूट घेतला, तर आता टाच बाहेर निघते. पुरुषांचे बूट घ्यावेत का?

उत्तर : रुंदीची अडचण तुम्ही लांबीने सोडवायला गेलात, आणि हे आपल्याकडे फार लोक करतात, कारण बहुतेक दुकानांत रुंदी विचारण्याची सोयच नसते. लांब बुटात आणखी एक गोष्ट बिघडते : बूट जिथे वाकतो ती जागा तुमच्या चवड्याच्या सांध्याच्या पुढे जाते. म्हणूनच पाय मोजण्याच्या जुन्या धातूच्या ब्रॅनॉक साधनात टाचेपासून बोटांपर्यंतचे, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचे आणि रुंदीचे, अशी तीन मापे घेतात.

तुमचा पाय काही जगावेगळा नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भारतीयांची पावले मोठ्या प्रमाणावर मोजली, तेव्हा ती युरोपीय व अमेरिकी मापांच्या तुलनेत रुंद भरली. मिळणारे साचे मात्र अजून तिकडचेच आहेत. धावण्याच्या बुटांत रुंदी इंग्रजी अक्षरांनी सांगतात : बायकांचा नेहमीचा साचा बी, रुंद साचा डी, पुरुषांचा नेहमीचा डी आणि रुंद 2ई. म्हणजे पुरुषांचा साधा बूट रुंदीला बायकांच्या रुंद बुटाएवढा असतो, तेव्हा तो घेण्यात गैर काही नाही. मात्र त्याची टाचही बहुधा मोकळी असते, म्हणून आधी बायकांचाच रुंद साचा शोधावा. पायातल्या बुटाची चवड्यावरची जाळी करंगळीच्या बाजूने बाहेर फुगलेली दिसली, तर तो अरुंद आहे असे समजावे.

टाचेसाठी लेसेचा उपाय आहे. बहुतेक बुटांना घोट्याशी, शेवटच्या भोकाच्या जरा मागे, एक जादा भोक असते आणि ते रिकामेच राहते. लेस त्याच बाजूच्या या भोकात बाहेरून आत घालावी, म्हणजे तिथे छोटा फासा तयार होतो. दोन्ही बाजूंना असे फासे झाले की डावी लेस उजव्या फाशातून आणि उजवी डाव्यातून ओवून खाली-मागे ओढावी आणि मग गाठ मारावी. टाच बुटात बसते आणि चवड्यावर ताण येत नाही. चवडा फारच आवळत असेल, तर तेवढ्या भागात लेस फुलीसारखी न ओवता कडेकडेने सरळ वर न्यावी. एवढे करूनही टाच निघत असेल, तर मात्र तो बूट चालायला ठेवावा आणि धावायला दुसरा घ्यावा.

प्रश्न : मुलाचे तळवे सपाट आहेत, ओल्या फरशीवर पूर्ण पाऊल उमटते. दुकानात खास कमानीला आधार देणारे महागडे बूट सुचवले. घ्यावेत का?

उत्तर : त्याला दुखत नसेल, तर केवळ ठशावरून घेऊ नयेत. अमेरिकी सैन्यातील नवभरतीच्या जवानांना तळव्याच्या आकारानुसार वेगवेगळे बूट देऊन पाहिले गेले. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुखत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना पाय दाखवावा. नाहीतर त्याला तीन-चार जोड घालून दुकानाबाहेरच्या फुटपाथवर धावू द्यावे, आणि जो जोड पायात आहे हे तो विसरतो तो घ्यावा, मग तो त्यातला स्वस्त का असेना.