फिल्टर हाऊसवरचा मेकॅनिक: तुमचे प्रश्न, काकांची उत्तरं

मागच्या अंकात जलशुद्धीकरण केंद्रातल्या नोकरीवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं सुरूच झाली. मी स्वतः फिटर म्हणून लागलो आणि फोरमन होऊन रिटायर झालो त्यामुळे विषय आवडीचा, पण सगळ्यांना उत्तरं द्यायला जागा नाही. निवडक घेतोय.

काका, माझा फिटरचा आयटीआय झालाय, अप्रेंटिस साखर कारखान्यात केली. आता शहराच्या फिल्टर हाऊसवर ठेकेदाराकडे मेंटेनन्स मेकॅनिकची जागा आहे. मित्र म्हणतात व्हॉल्व्ह फिरवायचं काम ते, त्यात काय शिकणार? (वाळवा तालुका)

घे रे बाबा, डोळे झाकून घे. व्हॉल्व्ह फिरवतो तो व्हॉल्व्हमन, तो गावात चावी घेऊन फिरतो, आणि त्याच्याशी दोस्ती ठेव कारण कुठल्या लाइनला काय चाललंय ते इंजिनिअरच्या आधी त्याला कळतं. तुझं काम मशिनरीचं. नदीवरच्या जॅकवेलमधले (काठच्या उपसा विहिरीतले) व्हीटी म्हणजे उभ्या शाफ्टचे पंप, तिथून कच्चं पाणी हवा मिसळणाऱ्या एरेटरवर, मग फ्लॅश मिक्सर जिथे तुरटी नाहीतर पीएसी (तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन) पडतं, मग क्लॅरिफ्लोक्युलेटर म्हणजे गाळ खाली बसवायची टाकी, तिचा फिरता ब्रिज, त्याची चाकं, गिअरबॉक्स, तळाचा गाळ ओढणारे स्क्रेपर, पुढे फिल्टर बेड, बॅकवॉशचे म्हणजे बेड उलट्या पाण्याने धुवायचे पंप आणि ब्लोअर, क्लोरीन रूम आणि शेवटी शुद्ध पाणी गावाच्या टाक्यांवर चढवणारे मोठे पंप. एवढ्या तऱ्हेची मशिनरी एका कंपाउंडमध्ये कुठे मिळणार तुला?

फरक एकच आणि तो मोठा आहे. कारखान्यात सीझन संपला की मिल उघडून महिनोन् महिने ओव्हरहॉलिंग करत बसता येतं. इथे ऑफ सीझन नावाचा प्रकारच नाही, दिवाळी असो की गावची जत्रा, पाणी चालू. म्हणून इथलं सगळं मेंटेनन्स स्टँडबायच्या जिवावर चालतं, तीन पंप असले तर दोन चालू आणि एक राखीव. आणि तो राखीव खरंच राखीव आहे का हे कागद बघून कळत नाही, चालवून बघितल्यावरच कळतं. सहा महिने बंद ठेवलेल्या पंपाची ग्लँड दोरी (शाफ्टभोवती पाणी अडवायला भरतात ती) वाळून कडक होते, बेअरिंग एकाच जागी बसून बसून खराब होतं, मोटर ओल धरते, आणि ज्या रात्री चालू पंप बसतो नेमक्या त्याच रात्री हा पण उठत नाही. त्यामुळे लागल्या दिवसापासून कुठला पंप किती तास चालला ते बघ आणि आलटून पालटून चालव. ऑपरेटर कुरकुर करतील, त्यांना एकच पंप आवडतो कारण तो कमी आवाज करतो!

ड्युटीवर आलास की आधी चहा नको, आधी एक चक्कर. बेअरिंग हाऊसिंगवर हात ठेव, स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून आवाज ऐक, अँपिअर बघ, प्रेशर गेज बघ, आणि सगळं लॉगबुकात लिही. काल होतं त्यापेक्षा आज चार अँपिअर जास्त का, हा प्रश्न ज्याला पडतो तो मेकॅनिक.

पावसाळ्यात तुझी खरी परीक्षा. नदी लाल झाली की गढूळपणा एकदम चढतो, तुरटी वाढते, गाळ वाढतो, तो वेळेवर बाहेर काढला नाही की ब्रिज जड होतो आणि ड्राइव्हची शिअर पिन तुटते. ती पिन तुटण्यासाठीच असते, गिअरबॉक्स वाचावा म्हणून. पण 'सारखी तुटते' म्हणून तिथे जाडजूड हाय टेन्साइल बोल्ट ठोकणारे महाभाग मी बघितलेत, मग पुढच्या वेळी पिनच्या जागी गिअरबॉक्सचे दात जातात आणि बिल लाखात. पिन तुटली तर आधी ड्रेन उघडून गाळ सोड, मग पिन बदल.

आणि तू आमच्या कृष्णाकाठचाच आहेस म्हणून सांगतो, 2019 च्या ऑगस्टचा पूर आठवत असेल तुला. कोल्हापूरला चहूकडे पाणी आणि नळ कोरडे, कारण नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाली होती. बुडालेली मोटर वरून पुसून कधी चालू करायची नसते. उघडायची, गाळ धुवायचा, वाइंडिंग हीटर लावून पूर्ण वाळवायचं, मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, बेअरिंग आणि ग्रीस नवीन घालायचं, मगच सप्लाय द्यायचा. घाई केली की मोटर जळते आणि जो पुरवठा दोन दिवसात सुरू झाला असता तो आठवड्यावर जातो.

आमच्याकडे पंपाच्या ग्लँडमधून कायम पाणी ठिबकतं. नवीन आलेले साहेब म्हणतात लिकेज पूर्ण बंद करा, घाण दिसतं. आवळलं की ग्लँड तापते. बरोबर कोण? (सोलापूर जिल्हा)

तुम्ही बरोबर, पण साहेबांना तसं तोंडावर सांगू नका, बसून समजावून सांगा. ग्लँडमधून थेंब थेंब पडलंच पाहिजे. ते पाणीच दोरीला थंड ठेवतं आणि दोरी आणि स्लीव्हच्या (शाफ्टवर चढवलेल्या नळीच्या) मधे वंगणाचं काम करतं. पूर्ण बंद केलं की दोरी जळते, काळी पडते, शाफ्ट स्लीव्हवर खाचा पडतात आणि मग कितीही आवळा, धारच लागते. थेंब मोजता आले पाहिजेत, धार नको, एवढं लक्षात ठेवा. दोरीच्या जागी मेकॅनिकल सील असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दिसण्याइतकं ठिबकायला लागलं म्हणजे सील गेलं. साहेब आधी कुठे सीलवाल्या पंपांवर असतील तर त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

पण मला शंका वेगळीच येते, तुमच्याकडे दोरी भरायची पद्धत चुकत असणार. बऱ्याच ठिकाणी जुनी दोरी अर्धवट काढतात, पुढच्या दोन रिंगा उपसतात आणि लँटर्न रिंगच्या (दोरीच्या मधे बसते आणि तिला पाणी पोचवते ती) मागच्या तशाच ठेवून वरून नवीन ठासतात. तसं नको. हुकने सगळी जुनी दोरी काढा, लँटर्न रिंग सुद्धा बाहेर घ्या, स्लीव्हवर नख फिरवून बघा, खाच लागली तर स्लीव्ह बदला नाहीतर नवीन दोरी दोन दिवसात खाईल. दोरी स्लीव्हच्या मापाच्या पाइपवर गुंडाळून एकेक रिंग वेगळी कापा, एकच लांब दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळत आत घालायची नाही कारण पाणी त्या वाटेनेच बाहेर येतं. प्रत्येक रिंगचा जोड आधीच्या जोडापासून पाव फेरा पुढे. लँटर्न रिंग पाण्याच्या भोकासमोरच आली का ते बघा, हे विसरतात. मग ग्लँडचे नट हाताने घट्ट करा, पंप चालू करा, पहिल्यांदा चांगलं वाहू दे, आणि दहा पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन्ही नट सारखे, थोडे थोडे आवळत जा. एक नट जास्त एक कमी झाला की फॉलोअर म्हणजे दोरी दाबणारा भाग तिरका होऊन स्लीव्हला घासतो.

राहिला प्रश्न घाण दिसण्याचा. ग्लँडखालच्या ट्रेचा ड्रेन पाइप चोंदला असेल तो मोकळा करा, पाणी नालीत जाईल, साहेब खूश.

काका, माझे मिस्टर फिल्टर प्लांटला मेकॅनिक आहेत, क्लोरीनचे मोठे सिलेंडर तेच बदलतात. एकदा खोकत घरी आले. मला फार भीती वाटते. ते म्हणतात काही होत नाही. (जळगाव)

ताई, भीती वाटते ती बरोबर आहे, आणि 'काही होत नाही' म्हणणारा माणूस क्लोरीन रूममध्ये नकोच. तो मोठा सिलेंडर असतो ना, आम्ही त्याला टनर म्हणतो, त्यात 900 किलो क्लोरीन असतो, दाबाखाली पातळ झालेला. बाहेर आला की त्याचा गॅस होतो, हवेपेक्षा साधारण अडीचपट जड, म्हणून जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात आणि तळघरात साचतो. म्हणून पळायचं ते वाऱ्याच्या उलट्या दिशेने आणि उंचावर. खाली वाकून पळायचं ते आग लागल्यावर, इथे नाही, हा घोळ लोक जीव मुठीत असताना करतात.

त्यांना काही गोष्टी विचारा, माझं नाव सांगून विचारा. टनर बदलताना दरवेळी शिशाचा नवीन वॉशर घालतात का? जुना दाबलेला वॉशर परत वापरणं हे लिकेजचं सगळ्यात नेहमीचं कारण आणि वॉशरची किंमत ती काय! जोड केल्यावर अमोनियाच्या बाटलीची वाफ जोडाजवळ धरून बघतात का? लिक असेल तर लगेच पांढरा धूर दिसतो. नाकावर विसंबायचं नाही, रोज वास घेणाऱ्याचं नाक मरतं. टनरचे दोन व्हॉल्व्ह एकाखाली एक असे उभ्या रेषेत ठेवतात का? वरच्यातून गॅस येतो, खालच्यातून पातळ क्लोरीन. पातळ लिक झाला तर टनर फिरवून लिकची जागा वर आणायची, मग निदान गॅसच बाहेर पडतो आणि तो कितीतरी कमी असतो. लिकवर पाणी मारायचं नाही, कधीच नाही, पाणी आणि क्लोरीन मिळून अॅसिड होतं आणि तेच भोक मोठं करतं. आणि गॅस नीट येत नाही म्हणून टनरला शेकोटी किंवा ब्लो लॅम्प दाखवणारा कोणी असेल तर त्याची तक्रार करा, त्यावर फ्युजिबल प्लग असतात, 70 डिग्रीच्या आसपास वितळतात आणि मग सगळा माल बाहेर.

अजून एक, तुमच्याच हातातलं. मिस्टरांना दाढी असेल तर काढायला लावा. दाढीवर मास्क चिकटून बसत नाही, फटीतून गॅस आत येतो. मोठ्या लिकेजला साधा डबीवाला मास्क पुरत नाही, पाठीवर हवेचा सिलेंडर असलेला सेट लागतो, तो क्लोरीन रूमच्या आत कपाटात नाही तर बाहेर, हाताशी हवा, आणि सिलेंडर भरलेला हवा. तसला सेट नसेल तर त्यांनी लेखी मागावा. खोकत घरी आले तो दिवस परत आला तर घरी न येता डॉक्टरकडे जायचं, बरं वाटलं तरी, कारण फुफ्फुसाला सूज कधी कधी काही तासांनी येते. त्या वेळी धावपळ, जिने चढणं नको, मोकळ्या हवेत बसायचं, कपडे बदलायचे, डोळे भरपूर पाण्याने धुवायचे.

हल्ली बऱ्याच छोट्या केंद्रांवर टनर काढून सोडियम हायपोक्लोराइट वापरायला लागलेत. तेही त्रासदायक आहेच, अंगावर उडालं तर भाजतं, पण निदान गावभर पसरत नाही.

दर थोड्या दिवसांनी गुरुवारी 'देखभाल दुरुस्तीसाठी पाणी बंद' आणि शुक्रवारी कमी दाबाने. नक्की काय करतात दिवसभर? रात्री का नाही करत? (पुणे)

पुण्यातला गुरुवार म्हणजे ठरलेलाच! ऐका. चालू असताना जे करताच येत नाही असं सगळं काम साठवून ठेवलेलं असतं, मेन लाइनवरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, पॅनलचा ब्रेकर, हेडरचं वेल्डिंग, कुठे रस्त्याखाली गळती. त्याच दिवशी वीजवाले त्यांच्या सबस्टेशनचं काम काढतात, एकाच बंदमध्ये दोन्ही उरकावं म्हणून. रात्री का नाही, तर बऱ्याच ठिकाणी रात्रीच टाक्या भरतात, सकाळी तुम्हाला मिळतं ते तेच पाणी. शिवाय अंधारात क्रेन आणि माणसं खड्ड्यात उतरवणं धोक्याचं.

आतली गंमत अशी की लाइन बंद केली तरी पाणी येतच राहतं, कारण अलीकडचा व्हॉल्व्ह जुना झालेला, पूर्ण बसत नाही, आम्ही म्हणतो 'पासिंग आहे'. मग खड्ड्यात डिवॉटरिंग पंप लावून गुडघाभर चिखलात बोल्ट सोडवायचे, जे पंधरा वर्षांत कोणी सोडलेले नाहीत, अर्धे गॅसने कापावे लागतात. दुपारी चारला नवीन व्हॉल्व्ह बसतो आणि तेव्हा कळतं की गॅस्केट चुकीच्या मापाचं आलंय. (हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.)

नंतर रिकामी लाइन एकदम भरता येत नाही. आत हवा असते, ती एअर व्हॉल्व्हमधून निघू द्यावी लागते, घाई केली तर दणका बसून दुसरीकडेच पाइप फुटतो. सखल भागात आधी पोचतं, उंचावर शेवटी, म्हणून शुक्रवारचा कमी दाब. पहिलं पाणी लालसर आलं तर पाइपातला गंज आणि गाळ सुटलेला असतो, ते थोडा वेळ जाऊ द्या, झाडांना घाला, आणि वरच्या टाकीत लगेच भरू नका.

मुलगी आहे, मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स ट्रेड केलाय. घरचे म्हणतात पंप हाऊस मुलींचं काम नाही. (फोंडा, गोवा)

घरच्यांना एकदा ओपाच्या केंद्रावर नेऊन आण, खांडेपारच्या काठावर, तुमच्या जवळच आहे. जड वस्तू अंगच्या ताकदीने कोणीच उचलत नाही, चेन पुली ब्लॉक आणि गँट्री असते, आणि जो हाताने उचलतो त्याची कंबर जाते, मुलगा असो की मुलगी. कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत आणणं, डायल गेजवर करायला सफाई लागते. मुलाखतीत मात्र न लाजता विचार की बायकांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली आहे का आणि रात्रपाळीला येण्याजाण्याची सोय काय. त्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे नको, दुसरीकडे अर्ज कर.

पाच वर्षं झाली ठेकेदाराकडे. ठेकेदार बदलतो, आम्ही तेच. पीएफ कापतात पण भरतात का कळत नाही. (नांदेड)

कळतं, उमंग अॅपवर यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) टाकून पासबुक बघा, महिन्याच्या महिन्याला. ठेकेदार बदलला तरी यूएएन तोच राहायला पाहिजे, नवीन माणूस नवीन नंबर काढतो म्हणाला तर ऐकू नका. पासबुकात महिना गाळलेला दिसला तर आधी ठेकेदाराला लेखी, मग ज्यांचं केंद्र आहे त्यांना लेखी, कारण ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकावर येतं आणि तिथून फोन गेला की ठेकेदार हलतो. तरीही नाही झालं तर पीएफ ऑफिस. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्डही मागा, बायकामुलांची नावं घालून.

आणि ठेका संपायच्या आधी, संपल्यावर नाही, लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्या, त्यात 'हेल्पर' नाही तर 'मेंटेनन्स मेकॅनिक' असं लिहून आणि कुठल्या पंपांवर, किती एचपीच्या, काम केलं ते टाकून. ठेकेदार एकदा गेला की त्याचा फोन लागत नाही. पालिकेची भरती निघते तेव्हा तो कागद लागतो, त्यामुळे वयाची अट बघून आतापासूनच जाहिरातींवर लक्ष ठेवा.