सर्व्हिस बुकवर तीनच शिक्के, तरी मालक म्हणतो वॉरंटी आहे. अशी जुनी गाडी घ्यावी का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. दर्यापूरकडं 2022 ची पेट्रोल हॅचबॅक पाहून ठेवली, पासिंग एमएच 49 म्हणजे नागपूरचं, आत्ताचा मालक दुसरा, मीटर 48,000, मागणी 4.60 लाख, आणि मालक म्हणतो एक्सटेंडेड वॉरंटी 2027 पर्यंत आहे, पण सर्व्हिस बुकवर तीनच शिक्के आणि बाकी सगळी सर्व्हिसिंग गावातल्या मिस्त्रीकडं. मी मूर्तिजापूर तालुक्यातला, शेती करतो, आतापर्यंत तीन जुन्या गाड्या घेतल्या आणि पहिल्या गाडीत याच वॉरंटीच्या शब्दावर फसलो, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो.

आधी ते तीन शिक्के पाहा. बऱ्याच कंपन्यांत पहिल्या तीन सर्व्हिस फ्री असतात, मजुरी लागत नाही, तिसरी साधारण वर्षाला किंवा 10,000 किलोमीटरला येते. तीनच शिक्के म्हणजे जोपर्यंत फुकट होतं तोपर्यंत गाडी शोरूमला गेली आणि त्यानंतर गेलीच नाही. म्हणजे 38,000 किलोमीटरचा कंपनीकडं काहीच हिशेब नाही. आणि बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटीत स्पष्ट असतं की सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच झालेली पाहिजे. त्यामुळं कागदावर 2027 लिहिलेलं असलं तरी तुम्ही उद्या इंजिनचं काम घेऊन गेले तर ते आधी मधल्या सर्व्हिसची नोंद मागतील आणि तिथंच गाडी अडकते. मालक खोटं बोलत असेलच असं नाही, त्यानं पैसे भरून एक्सटेंडेड घेतली असेल आणि अट त्याला माहीतच नसेल, असे लोक लय आहेत.

माझं काय झालं ते सांगतो. 2018 च्या दसऱ्याला मी एका मोठ्या शहरातल्या डीलरकडून डिझेल सेडान घेतली, मुहूर्त चुकू नये म्हणून घाईघाईनं 11,000 इसार दिला, मीटर 54,000 होतं. तो म्हणे "काळजीच करू नका, अजून दीड वर्ष वॉरंटी हाय." मी विश्वास ठेवला, लिहून काहीच घेतलं नाही. मे महिन्यात आईला तपासणीसाठी नागपूरला घेऊन निघालो, दुपारचं 45 डिग्री ऊन, तळेगावच्या अलीकडं एसीचा कंप्रेसर गेला. आई मागच्या सीटवर ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसली होती, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलो तर काउंटरवरच्या पोरानं चेसिस नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. वॉरंटी खरंच होती, पण शेवटची सर्व्हिस 28,000 वर, त्यानंतर सर्व्हिसची नोंदच नाही, म्हणून क्लेम नाही. आणि खाली एक ओळ होती, मी घ्यायच्या पाच महिने आधी ती गाडी दरवाजाच्या डेंटिंगसाठी तिथं आली होती तेव्हाचं मीटर 71,000. मी घेतली तेव्हा 54,000. कंप्रेसरचे 23,000 मी भरलेच पण खरं सांगतो, त्या एका ओळीनं जेवढं लागलं तेवढं पैशानं नाही लागलं. डीलरला फोन केला तर म्हणे लिहिलेलं दाखवा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वॉरंटी मालकाच्या तोंडात नसते आणि त्या पुस्तकातही नसते, ती कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये चेसिस नंबरवर असते, आणि इसार द्यायच्या आधी ती तिथं जाऊन पाहायची. अकोला किंवा अमरावती, जे जवळ पडेल तिथल्या त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी घेऊन जा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकच आहे का ते आधी जुळवा, मग काउंटरवर सर्व्हिस हिस्टरी काढून मागा. तारीख, प्रत्येक वेळचं किलोमीटर आणि काय काम झालं हे तिन्ही पाहायचं. तारखा पुढं जाताहेत आणि किलोमीटर मागं आलं की तिथंच उठायचं, भाव कमी करून देतो म्हणाला तरी उठायचं. मग विचारायचं एक्सटेंडेड वॉरंटी चालू दाखवते की रद्द, किती तारखेपर्यंत आणि किती किलोमीटरपर्यंत, कारण यातलं जे आधी संपेल तिथं वॉरंटी संपते. नवीन मालकाच्या नावावर होते का आणि त्याला काय कागद लागतात हेही तिथंच विचारा, आणि जे सांगतील त्याची प्रिंट नाहीतर स्क्रीनचा फोटो घ्या. जाताच आहात तर पैसे भरून त्यांच्याकडूनच गाडीची तपासणीही करून घ्या, 4.60 लाखाच्या पुढं तो खर्च काहीच नाही.

वॉरंटी चालू निघाली तरी ती सगळ्याला नसते हेही ध्यानात ठेवा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर असलं घासून संपणारं सामान त्यात येत नाही. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या बनवणाऱ्याची वेगळी. आणि आधीच्या कोणी बाहेरून वायर कापून मोठा हॉर्न, जास्तीचे लाईट, म्युझिक सिस्टीम बसवली असेल तर इलेक्ट्रिकलचा क्लेम करताना भांडण ठरलेलंच, त्यामुळं डॅशबोर्डखाली टेप गुंडाळलेले जोड आहेत का ते हात घालून पाहा.

आता दुसरी बाजू, आणि ही गोष्ट शहरातले लोक समजून घेत नाहीत. गावातल्या मिस्त्रीकडं सर्व्हिस केली म्हणजे गाडी वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. आपल्या इकडं सर्व्हिस सेंटर 50-60 किलोमीटरवर, सोयाबीन निघायच्या दिवसात कोण एक अख्खा दिवस मोडून जाईल? कित्येक मिस्त्री शोरूमपेक्षा जीव लावून काम करतात. तुम्ही सरळ त्या मिस्त्रीला जाऊन भेटा, मालक सोबत नसताना, गाडीचा नंबर सांगा. चांगल्या मिस्त्रीला गाडी तोंडपाठ असते, कोणाकोणाकडं वहीसुद्धा असते. ऑइल कोणतं टाकलं, फिल्टर कुठून आणले, स्पेअरच्या दुकानाची बिलं आहेत का ते विचारा. तो अडखळला नाही तर समजा गाडीची काळजी घेतलेली आहे. फक्त अशी गाडी चांगली असली तरी ती बिनवॉरंटीची चांगली गाडी आहे आणि भावही तसाच द्यायचा.

मिस्त्रीला एक प्रश्न नक्की विचारा की रेडिएटरमध्ये काय टाकत होते. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, तुम्हाला मी काय सांगू, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. तेच पाणी कूलंटऐवजी टाकत गेले असतील तर आत क्षार बसतो, गंज धरतो, आणि मार्च-एप्रिलपर्यंत कळत नाही, मेमध्ये इंजिन तापून हेड गॅस्केट गेली की कळते. सकाळी इंजिन थंड असतानाच झाकण उघडा, गरम असताना बिलकुल हात लावू नका, वाफेनं तोंड भाजते. आत हिरवं, लाल असं स्वच्छ रंगाचं कूलंट दिसलं तर ठीक, गढूळ चहासारखं दिसलं तर तो खर्च भावातून कापा. ऑइलचं झाकणही उघडून पाहा, आतून दुधाळ मेणासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असायची शंका आहे, मग मिस्त्रीनं पूर्ण तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पासिंग नागपूरचं आहे म्हणून आणखी एक. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी नागपुरात घुसलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. तुमची गाडी त्यातली असेलच असं नाही, पण तेव्हा ती कोणाकडं होती आणि कुठं उभी राहायची हे विचारायला काय जाते? सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून पाहा, मुळाशी चिखलाचा पट्टा असतो तो कोणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटखालच्या पट्टीवर गंज पाहा. आणि मागच्या पॉलिसी मागा, त्यावर एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते पाहायचं. क्लेम नसला तर ते 20, 25, 35, 45, 50 असं दरवर्षी वाढत जाते आणि क्लेम घेतला की शून्य होते. क्लेम घेतला तरी सूट टिकवणारं एनसीबी प्रोटेक्ट घेतलेलं असलं तर वेगळं, आणि मालक बदलला तरी नवीन मालकाचं शून्यापासून सुरू होते, पण एकाच मालकाच्या काळात मधेच शून्य झालं असेल तर काय झालं होतं ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, 1422 म्हणजे 2022 चा 14 वा आठवडा. गाडी 48,000 चालली म्हणतात आणि चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले निघाले तर मीटरवर माझा विश्वास बसणार नाही.

कागदाचं थोडक्यात. एमपरिवहन ॲपवर बँकेचा बोजा, विमा आणि पीयूसी पाहून घ्या, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन कपाटात ठेवू नका, लगेच आरटीओत द्या, आणि विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. डीलरकडून घेत असते तर "वॉरंटी अमुक तारखेपर्यंत" हे बिलावर शिक्क्यासह लिहून घ्या म्हणालो असतो, कारण मग खोटं निघालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारताही येते. पण तुम्ही खुद्द मालकाकडून घेऊन राहिले, तो काही गाड्यांचा धंदा करत नाही, त्यामुळं तिथं हा रस्ता नाही, जे पाहायचं ते आधीच पाहावं लागेल.

मी तुमच्या जागी असतो तर कॉम्प्युटरमध्ये वॉरंटी चालू आणि तुमच्या नावावर होणारी निघाली तर 4.40 ला बोललो असतो, रद्द निघाली पण मिस्त्री भरवशाचा वाटला तर 4 च्या वर गेलो नसतो. रविवारी जाऊ नका, सर्व्हिस काउंटर बंद तरी असतो नाहीतर अर्धेच लोक असतात, मधल्या वारी सकाळी जा आणि मालकाला सोबत न्याच, त्याचा मोबाईलही, कारण रेकॉर्ड काढायचा ओटीपी त्याच्याच नंबरवर येऊ शकतो. पहिल्या मालकाचा नंबर अजून जोडलेला असेल तर त्याच्याशीही तिथूनच फोनवर बोलून घ्या. गाडी नागपुरात होती तेव्हाचं त्यालाच माहीत असेल.