ओढ्यातलं जस्त मोजण्याआधी ओढा मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंगरात एक जुनी, बंद पडलेली खाण आहे आणि तिच्या खालून एक ओढा वाहतो. त्याच्या पाण्याची एक बाटली लॅबला दिलीत, तर जस्त ३१० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आलं. महिन्याने त्याच जागेवरून पुन्हा पाणी घेतलंत, तर १४०. मग लॅब चुकली की ओढा सुधारला, आणि यापुढे हातातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देणारा) वापरला तर भागेल का?

बहुधा लॅब चुकलेली नाही, आणि ओढाही सुधारलेला नाही. तुम्ही ओघात दोन गोष्टी लिहून गेलात, खरी किल्ली त्यांच्यातच आहे. पहिलं पाणी सकाळी सातला घेतलंत आणि दुसरं दुपारी चारला. शिवाय दुसऱ्या वेळी ओढा 'चांगलाच भरलेला' होता.

आधी भरलेल्या ओढ्याचं बघू. एका लिटरमध्ये किती धातू आहे, म्हणजे तीव्रता, एवढंच लॅब सांगते. असे लिटर सेकंदाला किती वाहत होते, म्हणजे विसर्ग, हे लॅबला ठाऊक नसतं. समजा, पहिल्या दिवशी विसर्ग सेकंदाला ४० लिटर होता. ३१० गुणिले ४० म्हणजे सेकंदाला १२.४ मिलिग्रॅम, दिवसाला साधारण १ किलो ७० ग्रॅम जस्त. दुसऱ्या वेळी विसर्ग ११० लिटर धरला, तर १४० गुणिले ११० म्हणजे सेकंदाला १५.४ मिलिग्रॅम, दिवसाला सुमारे १ किलो ३३० ग्रॅम. तीव्रता निम्म्याहून खाली आली, पण खाणीतून बाहेर पडणारं जस्त वाढलं. दिवसाला वाहून जाणाऱ्या या जस्ताला भार म्हणतात. धातू कुठून येतोय हे शोधायचं असेल तर मी भारावरच विश्वास ठेवतो. मासे तगतील का, हा प्रश्न असेल तर तीव्रता बघायची. कागदावर या दोन प्रश्नांची गल्लत झाली, की साफसफाईचा सगळा खर्च भलत्याच ठिकाणी जातो, आणि हे मला फार लागतं.

अशा ओढ्याचा विसर्ग मोजायला पंख्याचा प्रवाहमापक फारसा कामाचा नाही. पात्रात धोंडे, पाणी वीतभर खोल, जिथे तिथे फेस. इथे मीठच उपयोगी. सेकंदाला १०० लिटरच्या आसपास वाहणाऱ्या ओढ्याला साधारण अर्धा किलो मीठ पुरतं. ते ओढ्याच्याच पाण्यात बादलीत पूर्ण विरघळवायचं आणि वरच्या अंगाला, जिथे पाणी घुसळतंय तिथे, एका दमात ओतायचं. पात्राच्या रुंदीच्या किमान पंचवीस पट अंतर खाली जाऊन वाहकता मीटर (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते दाखवणारा; क्षार जास्त, तितका आकडा जास्त) पाण्यात धरायचा आणि दर पाच सेकंदांनी आकडा लिहायचा. आकडा चढतो, शिखर गाठतो आणि हळूहळू मूळ पातळीवर येतो. मूळ पातळीपेक्षा जितकी वाढ झाली तिची वेळेसह बेरीज करा. समजा ती १०,००० मायक्रोसीमेन्स-सेकंद भरली. एका मायक्रोसीमेन्सच्या वाढीला ढोबळ अर्धा मिलिग्रॅम मीठ प्रति लिटर धरलं, तर ही बेरीज ५,००० मिलिग्रॅम-सेकंद प्रति लिटर होते. पाच लाख मिलिग्रॅम मीठ भागिले ५,०००, म्हणजे सेकंदाला १०० लिटर. तो 'अर्धा मिलिग्रॅम' मात्र प्रत्येक ओढ्याच्या पाण्यात मोजलेलं मीठ टाकून स्वतः काढून घ्या. खाणीच्या पाण्याची मूळ वाहकताच जास्त असते, त्यामुळे मीठही थोडं जास्त लागतं.

आता वेळ. पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप; सातखाली आम्लधर्मी) सातच्या आसपास किंवा वर असलेल्या ओढ्यात विरघळलेलं जस्त पहाटे सर्वांत जास्त असतं आणि दुपार कलताना सर्वांत कमी. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, पीएच वर सरकतो, पाणी तापतं आणि जस्त दगडांवरच्या थरांना नि शेवाळाला चिकटतं. रात्री तेच सुटून पुन्हा पाण्यात येतं. काही ओढ्यांत पहाटेचा आकडा दुपारच्या कित्येक पट असतो. आर्सेनिकची चाल नेमकी उलटी, ते दुपारनंतर चढतं. सातची बाटली आणि चारची बाटली यांची तुलना करून 'सुधारणा' ठरवता येत नाही, हे यावरून कळेल. निदान वहीत वेळ मिनिटांसकट लिहा आणि दर खेपेला तीच वेळ पाळा.

पावसाचंही असंच. कोरड्या दिवसांत खाणमालाच्या ढिगांवर पांढरे, पिवळट, हिरवट क्षार फुलून येतात. हात लावला तर पिठासारखे सुटतात. पहिल्या जोरदार सरीत ते विरघळून ओढ्यात येतात, आणि पाणी वाढायच्या आत धातू उसळतात. वर्षातून एकच बाटली घेणाऱ्याच्या हाती हा तास जवळजवळ कधीच लागत नाही.

टीडीएस मीटर म्हणजे खरं तर वाहकता मीटर. मोजलेल्या वाहकतेला एका ठरावीक अंकाने गुणून तो आकडा दाखवतो. तुमच्या ३१० मायक्रोग्रॅम जस्ताने वाहकता जेमतेम एका मायक्रोसीमेन्सने बदलेल, तेव्हा जस्त मोजायला तो अजिबात चालणार नाही. पण फेकू नका. पायराइटला (खाणीतल्या लोह-गंधकाच्या खनिजाला) हवा आणि पाणी मिळालं, की सल्फेट आणि आम्ल तयार होतं, आणि सल्फेट वाहकतेत ठळक दिसतं. ओढ्याच्या काठाने चालत दर वीस-तीस पावलांवर मीटर बुडवत गेलात, तर डोळ्यांना न दिसणारा पाझर कुठे येऊन मिळतो ते कळतं. सोबत चांगला पीएच मीटर असू द्या. त्याच दिवशी ४ आणि ७ च्या द्रावणांवर तो जुळवून घ्या आणि आकडा स्थिरावेपर्यंत धीर धरा. क्षार कमी असलेल्या डोंगरी पाण्यात पीएच मीटर फार सावकाश स्थिरावतो.

रंगावर मात्र फार भिस्त ठेवू नका. दगडांवरचा नारिंगी लेप लोहाचा, काळा बहुतेक मँगनीजचा. एका संगमावर मी बराच वेळ नुसता बसून होतो. डावीकडून आम्लधर्मी पाण्याची बोटभर धार येत होती, काचेसारखी नितळ. ती मुख्य ओढ्यात शिरली, की चार-पाच पावलांत पाण्यात पातळ दुधासारखा ढग उठायचा आणि खालच्या गोट्यांवर पांढरा, बुळबुळीत थर बसायचा. पीएच पाचच्या जवळ आल्यावर ॲल्युमिनियम असंच बाहेर पडतं. त्या नितळ धारेत मात्र एक किडा दिसत नव्हता. जस्त आणि कॅडमियम पाण्याला कसलाच रंग देत नाहीत, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने उमगलं. उलट उदाहरण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय. ५ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेच्या कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीतून सुमारे १ कोटी १० लाख लिटर पाणी फुटून निघालं आणि अ‍ॅनिमस नदी पिवळीधमक झाली. तो रंग लोहाचा होता. पण त्याच डोंगरांतल्या जुन्या खाणींमधून गाजावाजा न होता धातू झिरपत होते ते अनेक दशकं, आणि त्यांचे फोटो कुणी काढले नव्हते.

आता बाटली. 'लॅबने दिलेल्या बाटलीत भरलं' एवढंच तुम्ही लिहिलंय. ते पाणी जागेवर गाळलं होतं का? दर वेळी दोन बाटल्या घ्या. एक गाळलेली आणि एक न गाळलेली, दोन्ही आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या. गाळायला ०.४५ मायक्रोमीटरचा फिल्टर, आणि गाळायचं ओढ्याच्या काठावरच. मग लॅबकडून मिळालेल्या शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणायचा. आधी गाळणं, मग आम्ल. हा क्रम उलटला, तर गाळाला चिकटलेला धातूही विरघळतो आणि 'विरघळलेला' म्हणून मोजला जातो. आम्ल टाकलंच नाही, तर वाटेतच लोह खाली बसतं आणि शिसं, तांबं सोबत घेऊन जातं. आम्ल हाताळताना चष्मा आणि हातमोजे घालाच.

हातमोज्यांवरून आठवलं. एका मोसमात माझ्या सगळ्या नमुन्यांत थोडं थोडं जस्त येत होतं, अगदी खाणीच्या वरच्या अंगाला घेतलेल्या पाण्यातही. मी नवा पाझर शोधत दोन दिवस डोंगर पालथा घातला. मग कोरा नमुना तपासला, म्हणजे घरून नेलेलं शुद्ध पाणी, जे ओढ्यावर त्याच सिरिंजने, त्याच फिल्टरमधून गाळून बाटलीत भरलेलं असतं. त्यातही तितकंच जस्त! सिरिंजच्या दट्ट्याचं काळं रबर ते सोडत होतं. रबरात जस्ताचा ऑक्साइड असतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही तशीच दगा देते. तेव्हापासून कोऱ्या नमुन्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, आणि दर दहा बाटल्यांमागे एक नमुना दोनदा घेतो. लॅबचं बिल वाढतं, पण त्या दोन बाटल्या नसतील तर बाकीच्या आठांवर मी पैज लावणार नाही.

३१० धोकादायक आहे का, असंही तुम्ही पुढे विचारलंय. माणसाच्या पिण्याच्या दृष्टीने जस्त हा इथला मुख्य शत्रू नाही. शिसं, आर्सेनिक आणि कॅडमियम तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मूल्यं पहिल्या दोघांसाठी १० आणि कॅडमियमसाठी ३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहेत. माशांचं गणित वेगळं, कारण जस्त त्यांच्या कल्ल्यांवर घाव घालतं आणि पाण्यातलं कॅल्शियम त्यांना थोडं वाचवतं. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा जस्ताचा निकष पाण्याच्या कठीणपणावर, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणावर, बदलतो. कठीणपणा १०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर साधारण १२० मायक्रोग्रॅम, आणि २५ असेल तर अवघा ३६ च्या आसपास. डोंगरातलं पाणी बहुधा मऊ असतं. म्हणजे तुमचा 'सुधारलेला' १४० सुद्धा जलचरांना जड जाऊ शकतो. लॅबला कठीणपणा मोजायला सांगितलात का? नसेल तर तो पुढच्या यादीत सगळ्यात वर लिहा.

एक सावधगिरी. खाणीच्या वरच्या अंगालाही बाटली घ्या. खनिजयुक्त खडक उघडा पडला असेल, तर माणसाने कुदळ लावायच्या आधीपासूनच तिथलं पाणी आम्लधर्मी असू शकतं, आणि तो वाटा खाणीच्या माथी मारणं चूक ठरेल. आणि नमुन्यासाठी खाणीच्या बोगद्यात कधीही शिरू नका. आतल्या हवेत प्राणवायू नसू शकतो, आणि ते नाकाला कळत नाही. पाणी बोगद्याच्या तोंडाबाहेर येतं, तिथेच घ्या.

पुढच्या खेपेला एकच दिवस काढा, पण पूर्ण काढा. खालून वर चालत जा, म्हणजे तुमच्या पायांनी उठलेला गाळ पुढच्या बाटलीत येणार नाही. प्रत्येक उपओढ्याच्या वर आणि खाली एकेक नमुना, आणि प्रत्येक ठिकाणी मिठाने विसर्ग. दोन ठिकाणांमधला भार वाढला आणि मधे एकही धार मिळत नसेल, तर धातू पात्राच्या तळातून, भूजलातून वर येतोय. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने जुन्या खाणींच्या खोऱ्यांत याच वाटेने काम केलं. तिथे ओढ्यात सतत मापकद्रव्य (मिठासारखा, पाण्यात सहज मोजता येणारा पदार्थ) सोडून ठिकठिकाणी विसर्ग काढतात. आपल्याला बादली आणि मीठ पुरेल. तुमच्या नकाशात उजव्या काठाला तो तांबूस ओलावा दाखवलाय ना, त्याच्या दहा पावलं वर आणि तीस पावलं खाली मोजा. आकडे आले की विसर्ग आणि घड्याळाच्या वेळेसकट इथे टाका, आपण भार एकत्र काढू.