बायोएथिक्स (उपचार आणि वैद्यकीय संशोधनातल्या योग्य-अयोग्याचा विचार) शिकून काय मिळतं? तुमचे प्रश्न

प्रश्न (जळगाव, एमबीबीएस पहिलं वर्ष): एटकॉमचं (डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा विषय) लेक्चर म्हणजे आमच्यासाठी अटेंडन्सचा तास. खरंच काही उपयोग आहे का?

आहे ना भाऊ. २०१९ पासून ते सिलॅबसमध्ये आलं ते काही उगाच नाही. संमतीच्या फॉर्मवर आंगठा घ्यायला अर्धा मिनिट पुरतो, पण यावलकडच्या एखाद्या बाबांना "समजलं का?" विचारलं तर ते हो म्हणणारच, "डॉक्टर म्हनतीन तसं" म्हणून मोकळे. त्यापेक्षा "बाबा, घरी पोराला काय सांगाल, कशाचं ऑपरेशन आहे?" असं विचारून बघा, मग कळतं की हर्निया आणि अपेंडिक्स त्यांना एकच वाटतंय. ही विचारायची सवय लागली की कोर्स वसूल. आणि कायद्याचंही बघा, समीरा कोहली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००८ साली सांगितलंय की एका प्रोसिजरची संमती दुसरीसाठी चालत नाही, जीव वाचवायची वेळ असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न (धडगाव, नर्सिंग): सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीत सासू सुनेचा रिपोर्ट मागते. द्यायचा का?

सुनेला विचारल्याशिवाय अजिबात नाही! पण ताई, नुसता नकार देऊन सुटका होत नाही, कारण सासू घरी जाऊन सुनेलाच धारेवर धरणार. म्हणून त्यांना सरळ सांगायचं की बाळाला आजार व्हायला जनुकातला दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून यावा लागतो, दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के असते, तेव्हा तुमच्या मुलाचीही तपासणी करा. वाहक म्हणजे आजारी नाही, हेही तिथेच सांगून टाका. यात कोणाचाच रिपोर्ट फुटत नाही. गुप्तता, रुग्णाचं हित वगैरे तत्त्वं पाठ सगळ्यांचीच असतात हो, पण सासू समोर उभी असताना ती एकमेकांना आडवी येतात, आणि त्यातून वाट काढायची प्रॅक्टिस वर्गातल्या केस डिस्कशनमध्येच होते.

प्रश्न (चोपडा, बीए): आर्ट्सवाल्यांचं इथे काय काम?

औषधांच्या ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान ७ सदस्य लागतात, त्यात एक सामान्य माणूस आणि एक कायद्याचा जाणकार असावाच लागतो, समाजशास्त्रवाल्यालाही जागा आहे, आणि निम्मे तरी संस्थेबाहेरचे लागतात. करिअर म्हणून यावर पोट भरेल असं नाही म्हणत मी, पण एमए किंवा एलएलबीसोबत हा विषय केलात तर तिथे बसून प्रश्न विचारता येतील.