मी प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयात फक्त माझ्या साहेबांचा सल्ला घेतो. करिअरसाठी विश्वासू सल्लागार कसे जमवावेत आणि किती असावेत?

प्रश्नातलं पहिलं वाक्य वाचलं आणि हात शिवशिवले. जमवायचं कसं ते नंतर बघू, आधी एकट्या साहेबांना विचारणं बंद करा. साहेब चांगलेच असतील. पण करिअरचे निम्मे प्रश्न ‘इथे राहू की जाऊ’ या जातीचे असतात आणि त्यांच्या उत्तरात साहेबांची स्वतःची सोय गुंतलेली असते. त्यांना ते जाणवतही नसेल.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. काही वर्षांपूर्वी माझे तेव्हाचे साहेब म्हणाले, नव्या प्रॉडक्टची टीम लीड हो. पद मोठं, पगार जवळपास तेवढाच. बग रिपोर्ट कसा लिहावा इथपासून मीटिंगमध्ये कधी गप्प बसावं इथपर्यंत सगळं मला याच माणसाने शिकवलेलं. दादाला विचारलं तर म्हणाला, "साहेब स्वतः सांगतायत ना? डोळे मिटून घे." नवऱ्याचं तेच, ऑफिसातल्या मैत्रिणींचंही तेच. सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते, पण सगळ्यांकडची माहिती एकच होती: मी त्यांना सांगितलेली.

मग आमच्या अकाउंट्समधून नोकरी सोडून गेलेल्या एका मॅडमना फोन केला. मैत्री अशी नव्हती, वाढदिवसाला मेसेज, बस. घे किंवा नको, यातलं त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन गोष्टी विचारून ये. बजेट कधीपर्यंत मंजूर आहे? तुझं अप्रेझल कोण लिहिणार, आत्ताचे साहेब की नव्या विभागाचे? आणि हे काम तुझ्याआधी कोणाला विचारलं होतं, तो का नाही म्हणाला?"

विचारलं. साहेबांचा चेहरा उतरला. बजेट चालू आर्थिक वर्षापुरतंच होतं, अप्रेझलचं "बघू", आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच आलं नाही. मी नकार दिला.

आता खरी गंमत. प्रॉडक्ट बंद वगैरे काही पडलं नाही. पुढच्या वर्षी बजेट वाढलं आणि माझ्या जागी गेलेला मुलगा आज मॅनेजर आहे. घरात नोकरीचा विषय निघाला की दादा हेच उकरून काढतो: "चार जणांना विचारत बसलीस आणि संधी घालवलीस." माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे. निर्णय घेतला त्या दिवशी हातात काय होतं, त्यावरून तो तोलायचा. त्या मुलाची नोकरी गेली असती तर तो काही महिने घरी बसू शकला असता. माझ्या पगारावर कर्जाचा हप्ता होता. दादाला हे पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

तर तुमचा प्रश्न. किती असावेत याला आकडा नाही. सगळे एकाच खोलीत बसणारे नसावेत, एवढं बघा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा एक प्रसिद्ध शोधनिबंध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? वरचेवर भेटायची असं सांगणारे 16.7 टक्के, अधूनमधून म्हणणारे 55.6 टक्के आणि क्वचितच म्हणणारे 27.8 टक्के. कारण साधं आहे. रोजच्या माणसांना तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं.

म्हणून कंपनी सोडून गेलेला एखादा माणूस हवाच, त्याला आता कोणाची मर्जी राखायची नसते. तुमच्या कामात दोन पायऱ्या पुढे असलेला एक. पैसा आणि करार कळणारा एक, त्याला तुमचं काम कळलं नाही तरी चालेल. साहेबांनाही सोडू नका, पण त्यांचा उपयोग वेगळा आहे. बढतीची चर्चा चालते त्या खोलीत तुम्ही नसता, साहेब असतात, आणि तुमचं नाव तिथे कोणीतरी घ्यावं लागतं. सल्ला देणारा आणि नाव पुढे करणारा एकच असेल अशी आशा धरू नका.

आणि कृपा करून कोणालाही "माझे मेंटॉर व्हाल का?" असं विचारू नका. समोरचा दचकतो. पाच मिनिटांत उत्तर देता येईल असा एक नेमका प्रश्न विचारा आणि पुढे काय केलंत ते आवर्जून कळवा, सल्ला मानला नसला तरीही. हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मग दुसऱ्या वेळी फोन उचलला जात नाही म्हणून रुसतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ग्रॅनोव्हेटरचे आकडे नोकरीची खबर कुठून लागते याबद्दलचे आहेत, सल्ल्याबद्दलचे नाहीत. तो सांधा मी जोडला. कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या मनात जुना रागही असू शकतो, म्हणून त्याच्याकडून प्रश्न घ्या, निकाल घेऊ नका. बाहेरच्यांशी बोलताना क्लायंटचं नाव आणि करारातल्या गोपनीय गोष्टी तोंडातून जाऊ देऊ नका. आणि नोकरीची पहिली एक-दोन वर्षंच चालू असतील तर काम शिकायला चांगला साहेब पुरतो, हेही खरं.

दादा हे वाचणार आहेच. दादा, मागे तू नोकरी बदललीस तेव्हा नव्या कंपनीचा ताळेबंद समजून घ्यायला त्याच मॅडमचा नंबर माझ्याकडून घेतला होतास. पुढच्या वेळी माझी गोष्ट सांगशील तेव्हा ही पण सांग.