ते पुस्तक कपाटातून काढू नका, ताई

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुमच्या गावच्या वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांचा गट आहे. त्यांना तुम्ही मेग कॅबट यांची ‘टीन आयडॉल’ ही 2004 सालची इंग्रजी कादंबरी मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली. निम्म्या मुलांना ती खूप आवडली. काहींनी ‘टाइमपास आहे, शिकण्यासारखं काही नाही’ असं लिहून दिलं. आणि समितीतले एक काका म्हणाले, ‘नटनट्यांची पुस्तकं पोरींच्या हाती कशाला देता?’ आता या मतांचं काय करायचं आणि पुढच्या खरेदीत अशी पुस्तकं घ्यायची की नाही, हे तुम्ही विचारलंय.

घ्या. आणि हे पुस्तकही कपाटातून काढू नका. फक्त मुलांच्या मतांचे ‘आवडलं’ आणि ‘नाही आवडलं’ असे दोन ढीग करू नका, त्यातून काहीच हाती लागत नाही. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या वाचनालयात मीही ही कादंबरी मुलांना वाचून दाखवली आहे. नटाबद्दलचं मुलांचं बोलणं लवकर आटोपतं. मग वाद सुरू होतो तो जेनीवरून, आणि खरी मतं त्या वादात असतात.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेत इंडियाना राज्यात क्लेटन नावाचं लहानसं गाव आहे. जेनी ग्रीनली तिथल्या शाळेत शिकते. ती सगळ्यांशी गोड, कुणाशी वाकडं नाही. शाळेच्या वर्तमानपत्रात मुलांच्या अडचणींना निनावी उत्तरं देणारी ‘अ‍ॅनी’ म्हणजे हीच, पण ते कुणाला माहीत नाही. ती गुपित पोटात ठेवू शकते म्हणून शाळेतले मोठे तिच्यावर आणखी एक गुपित सोपवतात. ल्यूक स्ट्रायकर नावाचा तरुण सिनेनट एका भूमिकेच्या तयारीसाठी नाव बदलून त्यांच्या शाळेत विद्यार्थी म्हणून येणार असतो, आणि त्याला सांभाळायचं जेनीने. पुढे गुपित फुटतं, गोंधळ होतो, आणि शेवटी जेनीचं मन जुळतं ते शाळेच्या वर्तमानपत्राचा संपादक असलेल्या स्कॉटशी, नटाशी नाही. भाषा हलकी आहे, प्रसंग भराभर पुढे जातात. सुरुवातच लॅटिन शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलावरची बाहुली पळवण्यापासून होते.

आता आधी काकांची शंका. त्यांना वाटतं की नटाची गोष्ट वाचून पोरी हवेत जातील. ताई, आपण झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्टीत राहतो. नट आपल्याकडे पडद्यावरून उतरून येतोच. दिवाळी झाली, धान घरात आलं की मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात. चौकाचौकात नटांच्या फोटोंची पोस्टरं, गाडीवर भोंगा, घरोघरी पाहुणे, आणि रात्री पडदा उघडला की खेळ पहाटेपर्यंत. 2023 मध्ये झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्यांना घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं. ज्या मुलांनी हे लहानपणापासून पाहिलंय, ती ल्यूक स्ट्रायकरकडे भारावून बघत नाहीत. ती त्याला ओळखतात.

आमच्या गटातल्या नववीच्या एका मुलीने ल्यूकचं वर्णन ऐकून काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते: ‘आमच्या घरी हिरो झोपला होता, बाई. थो पहाटे आला, तोंडाले अर्धा रंग तसाच. आईनं खोबरेल तेल देलं. तेल लावे अन् फडक्यानं पुसे, फडकं सारं गुलाबी झालं. मंग चहा पेला अन् बाजेवर पडल्या पडल्या घोरे.’ रात्री त्याच माणसासाठी शामियान्यात शिट्ट्या पडल्या होत्या. या मुलीला ल्यूकबद्दल पहिला प्रश्न पडला तो असा की, याला शाळेत तरी नीट झोपू देतात का? गावातल्या मुलीचं हे मत मला फार मोलाचं वाटतं. लोकप्रियतेच्या मागचा थकलेला माणूस तिला सांगावा लागला नाही.

मोबाइलवरून मुलं हमखास अडतात, त्याची तयारी ठेवा. ‘फोटो काढून कुणी टाकला कसा नाही?’ हे विचारणारच. कादंबरी 2004 ची आहे. यूट्यूब 2005 मध्ये आलं, इन्स्टाग्राम 2010 मध्ये. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता, म्हणून एक नट वर्गात बसून लपू शकला, एवढं सांगितलं की पुरतं. पण तिथेच थोडं थांबा. आपल्या मुलांसाठी ‘फेमस’ म्हणजे फक्त सिनेमातला माणूस नाही. 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं तरी रील्स आहेतच, आणि धानाच्या बांधीत (शेतात) रील करणारी मुलगी त्यांच्याच शाळेत किंवा शेजारच्या गावात असते. बघणारे हजारांनी, आणि घरी काका-मामा बोलणार ते वेगळंच. कादंबरीत ल्यूकचं गुपित फुटल्यावर जो गोंधळ उडतो, तो वाचताना आमच्याकडच्या मुली हसल्या नाहीत. त्यांना तो ओळखीचा होता.

याच बोलण्यातून एक प्रश्न निघाला. तो तुमच्याही गटात विचारला जावा असं मला मनापासून वाटतं. दहावीच्या एका मुलीने विचारलं, ‘थे हिरोईन असती तर?’ म्हणजे नाव बदलून शाळेत आलेला तरुण नट नसून तरुण नटी असती तर गोष्ट अशीच हलकीफुलकी राहिली असती का? त्या दिवशी पुढे वाचणं झालंच नाही. मुली नाटकातल्या बायांबद्दल बोलायला लागल्या. रात्री ज्या नटीच्या रडण्यावर अख्खा शामियाना डोळे पुसतो, तीच सकाळी कुणाच्या अंगणात तोंड धूत असली की तिच्या घरादाराच्या चौकश्या होतात. नटाला जेवायला आग्रहाने बोलावतात, नटीला बोलावताना घरात आधी बोलणं होतं. हे मुलींनीच सांगितलं, मी एक शब्द सुचवला नव्हता. एकीची मावशी पूर्वी नाटकात काम करायची. ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. गंभीर लेख वाचायला दिला असता तर हे बोलणं झालं नसतं असं माझं ठाम मत आहे. गंभीर लेखापुढे मुलं सावरून बसतात आणि आपल्यासारख्या मोठ्यांना आवडेल तेच बोलतात. या कादंबरीपुढे ती सैल बसली होती.

आता जेनी. वर्गात कॅरा नावाची एक मुलगी आहे. तिला गाय म्हणून चिडवतात, ती आली की हंबरतात. जेनीला वाईट वाटतं, ती तिच्याशी गोड बोलते, पण हंबरणाऱ्यांना थांबवत नाही. कारण थांबवलं तर ती सगळ्यांची लाडकी राहणार नाही. हे तिला पहिल्यांदा तोंडावर सुनावतो तो ल्यूक. तुझं सगळे ऐकतात, मग तू बोलत का नाहीस, अशा अर्थाचं तो बोलतो, आणि तिथून जेनी बदलते.

हे वाचताना आमच्याकडे मागे बसलेल्या एका मुलाने खरंच हंबरून दाखवलं. सगळे हसले. खिडकीजवळची एक मुलगी मात्र हसली नाही, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिला शाळेत कशावरून चिडवतात ते गटातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी वाचत राहिले, आवाज चढवला नाही की उपदेश केला नाही. प्रकरण संपल्यावर एवढंच विचारलं, ‘इथं चूक कोणाची?’ हंबरणारा मुलगा म्हणाला, ‘मजाकच तर होती.’ त्यावर दोघी-तिघी अशा तुटून पडल्या की मला मध्ये बोलायची गरजच उरली नाही. त्यांचा राग हंबरणाऱ्यांवर होताच, पण जेनीवर त्याहून जास्त होता. एक म्हणाली, ‘सारं माहीत असून गोड बोलते, थे जास्त वाईट.’ त्यावर दुसरीने जेनीची बाजू घेतली: एकटीने बोललं की उद्या तिलाच चिडवतील, मग तिच्या बाजूने कोण उभं राहणार? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. खिडकीजवळची मुलगी काही बोलली नाही, मीही तिला विचारलं नाही. तिला सगळ्यांसमोर बोलतं करण्याचा मोह तुम्हालाही होईल, तो आवरा.

‘टाइमपास आहे’ असं कोण लिहून देतं ते एकदा बघा. बहुतेक वेळा ती वर्गातली हुशार मुलं असतात. निबंधाच्या शेवटी बोध लिहायची त्यांना सवय लागलेली असते, आणि या पुस्तकाच्या शेवटी तसा बोध सापडला नाही की त्यांना ते कमी वाटतं. त्यांचं मत खोटं नाही, पण ते पुस्तकापेक्षा शाळेतल्या सवयीबद्दल जास्त सांगतं. अशा मुलांकडून मतं लिहून घेऊ नका, बोलून घ्या. ‘काय शिकलात’ हे विचारूच नका. ‘कुणाचा राग आला’, ‘कुठं खोटं वाटलं’ एवढे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्या प्रश्नावर तर टाइमपास म्हणणारीच मुलं सगळ्यांत चांगलं बोलतात.

कारण या पुस्तकात खोटं वाटण्यासारखंही आहे, आणि ते मुलांपासून लपवू नये. अमेरिकन शाळांतल्या नाचाच्या रात्री, गायनाचा गट, गाड्या यांची वर्णनं आपल्या मुलांना कंटाळवाणी होतात, ती मी गाळून सांगते. स्कॉटचं प्रेम पहिल्या काही प्रकरणांतच लक्षात येतं, त्यामुळे शेवटाची उत्सुकता राहत नाही. जेनी बोलायला लागल्यावर शाळा फार लवकर सुधारते, इतक्या लवकर कुठलीच शाळा सुधारत नाही. पण सगळ्यांत मोठा आक्षेप आमच्या एका आठवीच्या मुलीचा होता: ‘हिले हे सांगाले बाहेरून हिरोच कायले यावा लागते?’ गावात कॅरा आधीपासून होती, जेनीला दिसत होतं, मग शहरातून नावाजलेला माणूस येईपर्यंत हे सुचलं का नाही? मी या पुस्तकावर ऐकलेलं हे सगळ्यांत धारदार मत आहे. एवढी टीका आठवीतल्या पोरीला सुचली ती पुस्तक हलकं होतं म्हणूनच. जड पुस्तकात चूक काढायला ती धजली नसती, कारण जड पुस्तकात चूक असू शकते हेच तिला कुणी सांगितलेलं नाही.

समितीला काय सांगायचं ते आता. वाद घालू नका. देवघेवीची वही पुढे करा. हे पुस्तक वाचून झाल्यावर त्या मुलांनी पुढे काय काय नेलं ते त्यात दिसेल. आमच्याकडे आधी फक्त स्पर्धा परीक्षेची पुस्तकं नेणाऱ्या मुली नंतर आत्मचरित्रं आणि नाटकांची पुस्तकं मागायला लागल्या. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालचं आपलं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सगळ्यांत लहान वाचनालयांच्या वर्गाचं, अनुदान तुटपुंजं असतं. त्यातून चारच पुस्तकं घ्यायची असतील तर एखादं तरी असं असू द्या, जे मुलं एकमेकांच्या हातून ओढून घेतील. नवीन परवडत नसेल तर नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत इंग्रजी किशोर कादंबऱ्या स्वस्तात मिळतात. मात्र पावती घ्या आणि दाखल नोंदवहीत चढवा, म्हणजे तपासणीत बोलणं नको. आणि काकांना एका बैठकीला मुलांमध्ये बसवा, शक्य तर हिरोईनचा प्रश्न निघेल त्या दिवशी. तेही कधीकाळी नाटक बसवणाऱ्या मंडळात असतील, आपल्या गावांत बहुतेक जण असतात.

शेवटचं वेळेबद्दल. धान कापणी-चुरणीत मुलं येत नाहीत, आली तरी दमलेली असतात. जानेवारीत सुरू करा, नाटकांचे दिवस असतात, मुलांच्या डोक्यात तोच विषय असतो. मार्चच्या आत संपवा. एकदा मोहफुलं पडायला लागली की पोरं पहाटेच रानात जातात आणि संध्याकाळी गटात बसून पेंगतात, शिवाय दहावीची परीक्षाही त्याच दिवसांत येते.